दोन तासांचा विसावा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या प्रवाशाला नळदुर्गचा किल्ला मागे पडल्यावर थोड्याच वेळात जळकोट लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील हे गाव. लातूर जिल्ह्यात याच नावाचा एक तालुका आहे. त्यामुळे गावाचे नाव सांगताच ‘कोणते जळकोट?’ हा प्रश्न ठरलेला आणि ‘नळदुर्गजवळचे’ हे उत्तरही ठरलेले. पूर्वी ९ आणि आता ६५ असा क्रमांक असलेला राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो. मालमोटारी थांबतात, चालक चहा घेतात, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळून पाहतात आणि पुढे निघतात. परगावच्या बहुतेकांना जळकोट ठाऊक आहे ते वाटेवरचा विसावा म्हणून. विसावा देणाऱ्या माणसांना मात्र स्वतः निवांत बसण्याची सवय सहसा नसते.

याच गावातील एका भुसार दुकानाचे मालक, ज्यांना लहानथोर अण्णा म्हणतात, आणि त्यांच्या पत्नी, ज्या सगळ्यांच्या काकू आहेत, डिसेंबरातील एका दुपारी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर परतीच्या विमानासाठी येऊन पोहोचले होते. मुलगा गुरुग्रामला नोकरीत आहे. त्याच्याकडे सव्वा महिना राहून दोघे घरी निघाले होते. सोलापूरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ पासून गोव्याची आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ही बातमी जळकोटातही कौतुकाने वाचली गेली होती. पण दिल्लीहून थेट यायचे तर हैदराबादचाच मार्ग सोयीचा. रात्री शमशाबादला उतरायचे, शहरातील आप्तांकडे मुक्काम करायचा आणि सकाळी मोटारीने सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून गाव गाठायचे, असा बेत होता.

सामानात मिठाई होती, नातवाने काढलेली चित्रे होती आणि त्यांखेरीज एक न दिलेले उत्तर होते. चौपदरीकरणामुळे महामार्गाकडेच्या जागेला भाव आला होता. दुकान आणि त्यामागचे गोदाम विकत घेऊन तेथे मोठे हॉटेल काढण्यास एक गिऱ्हाईक तयार होते. दोन्ही विकावे आणि अण्णा-काकूंनी कायमचे आपल्याकडे यावे, असे मुलाचे म्हणणे. सव्वा महिन्यात त्याने हा विषय तीनदा काढला. निघताना तो एवढेच म्हणाला, “अण्णा, विमानात बसायच्या आधी काय ते सांगा. समोरचा माणूस उद्यापर्यंतच थांबणार आहे.” दिलेला शब्द फिरवायचा नाही, हा अण्णांच्या गादीचा नियम. म्हणूनच त्यांनी तो इतके दिवस दिला नव्हता.

सुरक्षा तपासणी उरकली तेव्हा साडेचार वाजत होते आणि विमान सुटायला तीन तास होते. मुलाने आपल्या कार्डावरील एक पुरवणी कार्ड वडिलांच्या नावे काढून दिले होते आणि ‘लाउंजमध्ये बसा, तिथे मोफत असते,’ असे बजावले होते. दोघे वरच्या मजल्यावरील लाउंजच्या दाराशी गेले. तेथील तरुणीने कार्ड यंत्रात घातले, दोन रुपये वळते झाले आणि अण्णांचा प्रवेश मंजूर झाला. काकूंसाठी मात्र वेगळी रक्कम पडेल, असे तिने नम्रपणे सांगितले. रक्कम हजार रुपयांच्या पुढची होती.

काकू तत्काळ म्हणाल्या, “मी बाहेर बसते. खुर्च्या आहेत की.” त्यांचे गुडघे विमानतळाच्या लांबलचक मार्गिकांनी आधीच बोलू लागले होते. क्विंटलभर तुरीमागे सुटतात किती आणि येथे दोन तास बसायचे पडतात किती, हा हिशेब अण्णांच्या मनात क्षणात मांडून झाला. हिशेब तोट्याचा होता. तरीही त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या बसण्यासाठी त्यांनी खर्च केल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. काकू काही बोलल्या नाहीत, पण आत शिरताना त्यांनी पदर सावरून घेतला.

आत मंद प्रकाश होता. मऊ खुर्च्या, वर्तमानपत्रे, चहा-कॉफीची यंत्रे, लांब मेजावर मांडलेले पदार्थ आणि एका बाजूच्या काचेपलीकडे उभी विमाने. दिल्लीत डिसेंबरात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. त्यामुळे बसण्याआधी जेवणाचे पाहणे भाग होते. मेजावरच्या पाट्या वाचत काकू पुढे सरकल्या. सामोशात बटाटा, भाजीत कांदा-लसूण, केकमध्ये अंडे असण्याची शक्यता, आणि त्याच ओळीत पलीकडे मांसाहारी पदार्थ. त्यांनी वाढणाऱ्या मुलाला विचारले. त्याने आत जाऊन आचाऱ्याला बोलावले. आचारी बाहेर आला, कोणत्या पदार्थात काय घातले आहे ते त्याने एकेक करून सांगितले आणि साधा भात, दही व कापलेली फळे आतून वेगळी आणून दिली. काकूंच्या पिशवीत कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी होतीच. ऊन काचेवरून उतरत असताना दोघांचे जेवण आटोपले. विचारल्यावर सांगणारा माणूस असला की परक्या ठिकाणीही नियम पाळता येतो, आणि न विचारता गप्प उपाशी बसणारे पुष्कळ असतात, असे काकूंचे त्यावर मत पडले.

पोट शांत झाल्यावर अण्णांमधला व्यापारी जागा झाला. येथे शेकडो माणसे खातात, पितात, बसतात आणि बहुतेकांकडून घेतले जातात दोन रुपये. मग बाकीचे भरते कोण?

उत्तर त्यांच्या ओळखीच्याच जगातले होते. कार्डधारक आत आला की त्याच्यामागे ठरलेली रक्कम बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजचालकाला देते. बँकेच्या पदरी ती येते कार्डाच्या वार्षिक शुल्कातून, वेळेवर न भरणाऱ्यांच्या भारी व्याजातून आणि दुकानदाराकडून. क्रेडिट कार्डाने पैसे चुकते झाले की विक्रीतील काही टक्के दुकानदाराला मिळतच नाहीत. मधली मंडळी ते वाटून घेतात. म्हणजे लाउंजमधल्या ‘मोफत’ चहाचा काही घोट कोठल्यातरी किराणा दुकानाच्या गल्ल्यातून आलेला असतो. हा खर्च जड होऊ लागल्यावर अनेक बँकांनी, तिमाहीत अमुक इतकी खरेदी केली तरच प्रवेश, अशा अटी घातल्या. बँक आणि लाउंज यांच्यामध्ये मध्यस्थ कंपन्याही असतात. अशा एका कंपनीचे समभाग सप्टेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदले गेले आणि तीनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, तिची देशांतर्गत लाउंज सेवा बंद झाली. शेतकरी आणि गिरणी यांचा थेट व्यवहार सुरू झाला की मधल्या अडत्याचे काय होते, हे भुसार बाजारात बसणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

लाउंजची मूळ कल्पनाही निवडक माणसांसाठीच होती. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडमिरल्स क्लब’ नावाचे दालन उघडले. प्रारंभी तेथे निमंत्रितांनाच स्थान होते. पैसे देऊन सभासद होण्याची सोय पुष्कळ वर्षांनी झाली. पुढे कार्डांच्या प्रसाराने दार अधिक रुंद झाले आणि जळकोटचे भुसार व्यापारीही आत येऊ शकले.

निवडकांच्या विसाव्याचा याहून जुना नमुना जळकोटच्या शेजारीच उभा आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी धरण आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. पावसाळ्यात नदी भरून आली की धरणावरून पाणी कोसळते. नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे ते धबधबे पाहायला आजही गर्दी होते. बाहेर पाण्याचा लोट पडत असतो आणि महालात बसलेला माणूस कोरडा राहून खिडकीतून तो पाहतो. अण्णांनी शाळकरी वयात तो पाहिला होता. दिल्लीच्या काचेआड बसून धावपट्टीकडे धावणारी विमाने पाहताना त्यांना तो महाल आठवला. बाहेर केवढी घाई आणि आवाज, आणि आत बसलेल्याला त्याचा शिंतोडाही नाही. दोन्हीकडे सुख तेच. त्या महालात मात्र राजाच्या मर्जीतल्यांखेरीज कोणाला बसता आले नसेल.

वाटसरूंचा विसावा निराळा. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे: भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांच्या. तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे. तीस दिवसांची वाट म्हणजे तीस मुक्काम: तीस ठिकाणी पाणी, बैलांना वैरण, माल उतरवायला सुरक्षित जागा. एवढे असल्याखेरीज व्यापार होत नव्हता. दिल्लीहून हैदराबादला सव्वादोन तासांत पोहोचणाऱ्यांना याची जाणीव राहत नाही, परंतु धर्मशाळा, विहिरी आणि पाणपोया बांधण्यात व्यापारी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या पैसा घातला त्यामागे पुण्याइतकाच हा अनुभवही होता. कुंथलगिरीसारख्या जिल्ह्यातल्याच क्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूला धर्मशाळेचा आधार आजही वाटतो. तेथे पाठ टेकणाऱ्याला कार्ड विचारले जात नाही, कारण त्याचे पैसे कोणीतरी आधीच भरून ठेवलेले असतात.

अण्णांच्या दुकानासमोर एक ओटा आहे. त्यांच्या वडिलांनी तो शहाबादी फरशीचा करून घेतला. शेजारी पाण्याचा रांजण असतो. एसटीची वाट पाहणारी माणसे, दळण टाकून आलेल्या बाया, शाळेतून परतणारी मुले त्या ओट्यावर बसतात. त्यांतले निम्मे दुकानात पाऊलही टाकत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, त्यानंतर मदतीच्या गाड्या सोलापूरकडून उमरग्याच्या दिशेने रात्रंदिवस धावत होत्या. त्या दिवसांत तो रांजण दिवसातून किती वेळा भरला, याची मोजदाद कोणी केली नाही. दुकानाच्या कोणत्याही वहीत ओट्याचे उत्पन्न लिहिलेले नाही. विक्रीच्या बोलीतही त्याची किंमत स्वतंत्र धरलेली नव्हती. तो मोजमापात आला होता तो रस्त्याकडेची चौरस फुटे म्हणून.

हे सारे अण्णांच्या मनात चालले असताना काकू एका तरुण मुलीकडे पाहत होत्या. ती रिकाम्या बश्या उचलत होती, मेज पुसत होती, पुन्हा बश्या उचलत होती. तासाभरात ती एकदाही बसली नव्हती. काकूंनी तिला विचारले, “बाळ, तू कधी बसतेस?” ती हसून म्हणाली, “ड्यूटी रात को खतम होगी, माँजी.” ती पुढे गेल्यावर काकू म्हणाल्या, “इतक्या खुर्च्या, पण हिला एक नाही.”

अण्णा काही क्षण गप्प राहिले. समोर गिऱ्हाईक नव्हते, फोन वाजत नव्हता, दिवाणजी काही विचारायला येत नव्हते. अशा रिकाम्या वेळी नवरा-बायको शेजारी शेजारी बसल्याचे त्यांना आठवेना. घरी ते दिवेलागणीला परतायचे, तेही डोक्यात भाव घेऊन. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो सव्वा महिन्यात मुलाला विचारावासा वाटला नव्हता आणि त्यांनाही सुचला नव्हता. “तुला काय वाटतं? विकायचं का?”

“आज विचारताय?” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. थोडे आश्चर्य होते.

“आजच विचारतोय. उशीर झाला, हे कबूल.”

काकूंचे उत्तर तयार होते. बहुधा कित्येक वर्षांपासून. “इथे नातू आहे, त्याच्यावाचून करमायचं नाही. पण चौदाव्या मजल्यावर दुपारी दारावर कोणी येत नाही. आणि जळकोटला तरी काय? तुम्ही दुकानात, मी घरात. मुलगा म्हणतो, एकट्या पडाल. अहो, मी आत्ताही एकटीच असते.” मग थांबून त्या म्हणाल्या, “दुकान ठेवा. पण तुम्ही गादीवरून उठा.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. दुकान विकणे आणि दुकानात बसणे, या दोनच वाटा त्यांनी आणि मुलाने धरल्या होत्या. तिसरी वाट त्यांच्या घरातच होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. दिवाणजी तीस वर्षे दुकान सांभाळत आहेत. त्यांना भागीदारी द्यायची, येत्या पाडव्याला नवी वही दोघांच्या नावाने उघडायची. वर्षातले काही महिने नातवाजवळ, बाकीचे गावी. गोदाम तेवढे विकायला हरकत नाही. ओटा मात्र राहील.

काचेपलीकडे अंधार पडला होता आणि विमानतळाचे दिवे लागले होते. अण्णांनी मुलाला फोन लावला. “गोदाम द्यायला माझी तयारी आहे. दुकान नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, “अण्णा, असा भाव पुन्हा येणार नाही.” अण्णा म्हणाले, “ठाऊक आहे. भाव बरोबर आहे. पण तुझ्या आईशी बोलून ठरवलंय.” त्या शेवटच्या वाक्यावर मुलगाही थबकला. या घरात व्यवहाराच्या बाबतीत ते प्रथमच उच्चारले जात होते.

पावणेसातला दोघे उठले. बश्या उचलणारी मुलगी दारापाशी भेटली. काकूंनी पिशवीतून कडक भाकरीचा उरलेला पुडा काढून तिच्या हाती ठेवला आणि ‘घरी गेल्यावर बसून खा’ असे मराठीतच सांगितले. तिला ते समजले असावे.

दुसऱ्या दिवशी झहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, येणेगूर असे करत दुपारी मोटार जळकोटात शिरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. त्याच दिवशी मुलाचा निरोप आला: नुसते गोदाम त्या गिऱ्हाइकाला नको, रस्त्याकडेची जागा नसेल तर त्याला काहीच नको. मोठी रक्कम हातची गेली, हे अण्णांनी काकूंना जसेच्या तसे सांगितले. काकूंनी विचारले, “पस्तावलात?” अण्णा म्हणाले, “हिशेबात पस्तावलो. बाकी नाही.”

दुकानासमोर मोटार थांबली तेव्हा ओट्यावर दोन बाया आणि एक म्हातारबाबा एसटीची वाट पाहत बसले होते. अण्णांना पाहून ते उठू लागले. अण्णांनी हातानेच बसा म्हणून सांगितले. दिवाणजी गादी झटकत बाहेर आले, पण अण्णा आत गेले नाहीत. त्यांनी रांजणातले पाणी तांब्यात घेतले, आधी काकूंना दिले, मग स्वतः प्यायले आणि म्हातारबाबांच्या शेजारी ओट्यावर बसले.

“कुठं गेला होता अण्णा, इतके दिवस?” म्हातारबाबांनी विचारले.

“लेकाकडे,” अण्णा म्हणाले. “तुमची गाडी किती वाजता?”

गाडीला अजून अर्धा तास होता.